माऊसविना

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत तातेराव उगवणीचे आकडे कॉम्प्युटरवर भरत. दोन हजार तीन साली त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. माऊस धरला की पडद्यावरचा बाण भलत्याच चौकोनात जाई आणि कापसाचा आकडा मक्याखाली पडे. कुणाच्या लक्षात यायच्या आत गोदामात बदली मागावी, असं त्यांच्या मनात होतं.

शेजारच्या टेबलावरच्या बेबीनंदाच्या ते लक्षात आलंच. तिनं त्यांचा माऊस उचलून बाजूला ठेवला.

“काका, कंट्रोलचं बटण दाबून धरा, अन् खालच्या बाणाचं दाबा.”

तातेरावांचं थरथरतं बोट दोनदा पडलं. चौकोन यादी ओलांडून कोऱ्या तक्त्याच्या पार तळाला गेला.

“गेलं का सगळं?”

“कुठं जातंय! आता तसंच वरचं दाबा.”

चौकोन शेवटच्या आकड्यावर येऊन थांबला.

“हात तर थरथरूनच राह्यला,” ते म्हणाले.

“थरथरू द्या की. मंग काय झालं?”

दुपारपर्यंत त्यांनी हरभऱ्याचे सगळे नमुने भरले. पुढं कंप वाढला, चहा बशीत सांडू लागला. तातेराव मात्र निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर बसले.