निनावी पत्रातला सलाम

पाकिटाच्या कडेला भाताचं एक शीत चिकटलं होतं, वाळलेलं, खड्यासारखं… हन्ना ते बोटानं चाचपत राहिली, कारण जालन्याची तिची बहीण दया पाकीट कणकेच्या खळीनं चिकटवते, आणि या दुष्काळात ज्याच्या घरी चिकटवण्याइतका भात उरतो असा माणूस हन्नाच्या ओळखीत नव्हता. म्हणजे हेही वाचलं त्यांनी. दयाचं बाळंतपण, तिच्या सासूची मूळव्याध, सगळं सरकारदप्तरी गेलं.

तीन आठवडे ख्रिस्ती गल्लीतलं प्रत्येक पत्र असंच फोडून येत होतं. वाचण्याचं नवल नव्हतं. पण पोस्टमन छगनसुद्धा कार्ड वाचायच्या आधी 'वाचू का' म्हणायचा.

कारण तिला ठाऊक होतं. गावाचा टँकर विहिरीवर न येता सभापती आप्पासाहेबांच्या मोसंबीच्या बागेत रिकामा होतो, असं कुणीतरी कलेक्टरांना निनावी कळवलं होतं. कुणीतरी म्हणजे मी, मीच ती… नाव नाही, गल्ली नाही, अक्षरसुद्धा वाकडं काढलं, आणि शेवटी लिहिलं काय, तर 'प्रभूमध्ये सलाम'. आयुष्यात ऐकलेलं ख्रिस्ती गल्लीतलं प्रत्येक पत्र तिथंच संपलेलं. त्याशिवाय पत्र संपतं हे हाताला माहीतच नव्हतं.

टँकरची चौकशी करायला कुणी आलं नाही. सलामाची करायला मात्र एक जण आला. नाव रंगनाथ, म्हणे बियाण्याचा एजंट, पण पायांत पोलिसी बूट, आणि दिवसभर चर्चच्या पायरीवर. शेजारच्या गोजरबाईनं पहिल्याच दिवशी त्याला विचारलं होतं, "दादा, पेरायचं कुटं, तुमच्या टकुऱ्यावर?" तो हसला होता आणि वहीत काहीतरी लिहिलं होतं.

दुपारी नवरा, कृपादान, शाळेतून आला आणि टोपी न काढताच म्हणाला की फिलिप मास्तरांना उद्या पाथर्डीच्या ठाण्यात बोलावलंय. गल्लीची पत्रं तेच लिहून देतात ना. फिलिप मास्तर—मांजर हाकलतानाही ज्यांच्या तोंडून 'अहो' निघतं! त्यांची नोकरी जाईल, कृपादान म्हणाला, पण हन्नाकडे पाहिलं नाही. पाहायचं काय? सरकारच्या लेखी ती रेशनकार्डावरचा एक अंगठा. लेकीच्या पाटीवरून, मग बायबलातून, चुलीपुढं एकटीनं गिरवलेली अक्षरं कुणाच्याच कागदावर नव्हती. दयाला उत्तरंही नवऱ्याच्याच अक्षरात जायची. सगळ्यांची पत्रं फोडून वाचणाऱ्या डोळ्यांना ती दिसतच नव्हती… आणि किती बरं वाटलं होतं त्यात, तीन आठवडे, लाज वाटावी इतकं.

ती उठली, पदर सावरला आणि चर्चच्या पायरीशी गेली.

"ते पत्र म्या लिव्हलंय."

"बाई, तुमचा तर अंगठा हाय," रंगनाथ जवळजवळ मायेनं म्हणाला. "मास्तरासाठी कशाला खोटं बोलता?"

तिनं त्याच्या हातातली वही घेतली, त्यानं ती दिली तरी कशी कोण जाणे, आणि टँकर कोणत्या वारी, कोणत्या फाटकातून आत गेला ते सगळं पुन्हा लिहिलं, या वेळी अक्षर न वाकवता. खाली नाव. राहवेना म्हणून सलामही.

"आता एवढं वाचलंच हाय, तर टँकरचं बी इचारा की कुनीतरी."

त्यानं वही मिटून खिशात घातली. मास्तरांचं काय, असं तिनं विचारलं तेव्हा पुटपुटला, आता त्यांचं कशाला. मग उगाचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

परतताना तिनं नीट, क्रमानं भिऊन पाहिलं. उद्या ठाण्यात मी. परवा कृपादानची बदली. नंतर आप्पासाहेबांची माणसं… जमेना. तीन आठवडे पोटात जे गच्च बसलं होतं तिथं आता काहीतरी कुरकुरत होतं. ती भीतीच असेल म्हणून ती वाटेत थांबली, कान देऊन ऐकल्यासारखी… भूक होती. साधी, निर्लज्ज भूक. घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीचीच लाल भाकरी, जिला तिनं सकाळी नावं ठेवली होती. कृपादानला सांगायचं तर होतंच. पण आधी जेवू, असं तिनं ठरवलं, आणि पाऊल आपोआप झपझप पडायला लागलं.