परातीतलं पाप

पारासमोर गाव गोळा झालं होतं आणि मधोमध हळदीच्या पाण्याची परात होती. पाथर्डीच्या अंगाला वैशाखात प्यायला पाणी मिळत नाही, पण परातीपुरतं बरं निघतं, असं अंगणवाडीच्या मनकर्णाबाईच्या मनात आलं.

"मानूस फिरंल, साक्षीदार फिरंल, पानी फिरत न्हाई!" परातीमागं बसलेले, पापी ओळखायला बोलावलेले महाराज गरजले. "पाप काय नि पुन्य काय, ते तुमी-आमी ठरवत न्हाई. ते सृष्टीतच लिवलेलं हाय. पाप्याचा हात लाल व्हनार!"

सप्त्याच्या पंगतीसाठी भरून ठेवलेली टाकी कुणीतरी रिकामी केली होती. ज्यानं केली त्याच्या घराला टँकरचं पाणी बंद, असं सप्त्याचे पुढारी आदिनाथ यांनी सांगून टाकलं होतं.

महाराज एकेकाच्या तळव्यांना डबीतला अंगारा चोळत आणि उजवा हात परातीत बुडवायला लावत. सगळे पिवळे. मग जिच्याबद्दल गावात आधीपासून कुजबुज होती त्या धनश्रीची पाळी आली. कडेवरचं तान्हं सासूकडं देऊन तिनं हात पुढं केले. आता मात्र अंगारा महाराजांच्या कमरेच्या पुरचुंडीतून निघाला.

हात लालभडक झाला.

"आगं बया!" बायका मागं सरल्या.

मनकर्णा पुढं झाली. धनश्रीच्या कोरड्या डाव्या तळव्यावर आपला तळवा घासून तिनं परातीत घातला. लाल! मग आदिनाथचा हात धरून तसंच केलं. तोही लाल!

"चुना हाय ह्यात, महाराज. आदिनाथभाऊ, मागं पाय मुरगळला तवा हळद-चुन्याचा लेप लाल झालता. तुमचा पाय पापी हुता व्हय?"

हशा पिकला. "कलियुग!" म्हणत महाराजांनी परात तिथंच टाकून मोटारसायकलला किक मारली.

"काकू," धनश्री हळूच म्हणाली, "टाकी मीच सोडली. ऊसतोडीच्या कोयत्यावरून बिऱ्हाडं परतली हुती. बैलांच्या जिभा भाईर आल्या हुत्या, पोरं रडत हुती. मला बगवलं न्हाई."

"बगा!" आदिनाथ ओरडला. "परात खरंच बोलली! बोलवा महाराजाला माघारी!"

"व्हय व्हय, बोलवा!" दोघं-तिघं धावलेसुद्धा.

मनकर्णाला परात स्वतःच्याच कपाळावर आपटावीशी वाटली.

"आरं, माझा बी हात लाल, ह्यांचा बी लाल! तिघांनी मिळून सोडली का टाकी? चुन्याला काय कळतंय? टाकी कुनी सोडली ते हिनं तोंडानं सांगितलं. ते चांगलं का वाईट, हे परातीत लिवलेलं न्हाई नि आभाळात बी न्हाई. ते मानसालाच ठरवावं लागतं. आन तहान काय असती, ते ह्या गावाला कुनी शिकवायचं का?"

"पर पानी देवाचं हुतं," आदिनाथ पुटपुटला.

"मंग देवाच्या दारी आलेल्या बैलानं कुटं जायचं हुतं?"

वेशीकडून टँकरचा हॉर्न वाजला. मनकर्णानं धनश्रीचा हंडा उचलला आणि रांगेत सगळ्यांच्या पुढं नेऊन ठेवला.

"आता परात न्हाई, महाराज न्हाई," ती म्हणाली. "ज्याला हा हंडा काढायचाय त्यानं आपल्या हातानं काढावा. पर आदी डोकं चालवावं, नि मंगच हात."

आदिनाथ लाल तळवा धोतराला पुसत उभा राहिला. रंग काही निघेना.