फक्त उत्तरं असलेली वही

वैभवीचं पत्र येऊन सहा आठवडे झाले होते आणि मोरेश्वरांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधंच होतं. जपानमध्ये, फुनाबोरीत राहणाऱ्या मराठी पालकांनी एक पत्रक काढायचं ठरवलं होतं. आईवडील दोघंही कामावर, त्यामुळे दुपारी शाळेतून आलेली मुलं भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या ताब्यात. आणि त्यांना इंटरनेटवरचे शब्द कळत नाहीत. 'काका, सोबत चौदा शब्दांची यादी आहे. अर्थ इंग्रजीत दिलेत. आपल्या लोकांना समजेल अशा मराठीत करून द्याल का?' तिकीट लावून, स्वतःचा पत्ता घालून तिने परतीचं पाकीटही आत ठेवलं होतं.

मोरेश्वरांची चाळीस वर्षं पुण्यातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली होती. दुसऱ्याची चूक त्यांना लांबून दिसे. स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की मात्र हात अडखळे. आपण कोण सांगणारे? त्यांनी पत्र शब्दकोशाखाली सरकवून दिलं होतं.

शुक्रवारी सकाळी डबे भरता भरता सून नुपूर म्हणाली, "बाबा, वैभवीताई स्टेशनवर भेटल्या होत्या. यादीचं विचारत होत्या."

"करतो. आजच करतो."

"गेल्या शुक्रवारीही तुम्ही आजच करत होतात," मुलगा प्रथमेश बूट चढवत हसला.

दोनच्या सुमारास घरात कुणी नसताना मोरेश्वर यादी घेऊन बसले. प्रोफाइल, लोकेशन, ब्लॉक असे चार-पाच शब्द झाले. पुढचा होता ग्रूमिंग. ते इंग्रजी वाचत एकेक वाक्य मराठीत उतरवू लागले. अनोळखी माणूस आपण मुलाच्याच वयाचे आहोत असं भासवतो. आवडीनिवडी जुळवतो. मग मोठ्यांना दिसणार नाही अशा खासगी गप्पांत नेतो. घर कुठे, कोण कधी येतं-जातं, हे हळूहळू काढून घेतो. घरच्यांना सांगू नकोस म्हणतो. शेवटी भेटायला बोलावतो.

नुसत्या व्याख्येने कुणाला कळायचं नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी 'उदाहरणार्थ' असं लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं.

नात नेत्रा दहा वर्षांची. मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देणारी. महिन्यापूर्वी तीच आपणहून जवळ आली होती. "आजोबा, मला मराठी लिहायला शिकवा ना." घरं बांधायच्या कुठल्याशा खेळात तिला मिताली भेटली होती. बारा वर्षांची, जवळच उरायासुला राहणारी. तिची आई म्हणे तिला मराठीतच लिहायला लावते. म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. नेत्रा मोडकंतोडकं सांगायची, मोरेश्वर ते नीट करून, तारीख घालून वहीत लिहायचे, आणि मग ती एका बोटाने टॅबलेटवर उतरवायची. मितालीचे निरोप वाचले की आपोआप पुसले जात, म्हणून ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

त्यांनी वही ओढली. तिच्यात फक्त उत्तरं होती.

'आमचं घर सातव्या मजल्यावर, ७०३.'

'हो, पिवळ्या छत्रीवाली मीच.'

'आई सहाला येते, बाबा आठनंतर.'

'आजोबांना जपानी येत नाही. त्यांना जरा कमी ऐकू येतं.' यावर दोघंही खूप हसले होते. 'जरा' हा शब्द मोरेश्वरांनी स्वतः घातला होता.

'नाही, आईला सांगितलेलं नाही.'

आणि बुधवारचं शेवटचं: 'शुक्रवारी चार वाजता चालेल. मी खाली येते.'

प्रत्येक उत्तरामागचा प्रश्न आता त्यांना वाचता येत होता. आधी दिसला नव्हता, चाळीस वर्षांच्या सवयीमुळे. अक्षरं आपली, अर्थ लेखकाचा. मितालीसाठी कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, त्या चोवीस तास उघड्या दुकानातून, आणलेली बिस्किटं ओट्यावर तशीच होती.

घड्याळात तीनला दहा कमी होती. त्यांनी दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. आपलंच चुकत असलं तर? पोरीची एकुलती एक मराठी मैत्रीण, सुनेचं ऑफिस... तिसऱ्यांदा नंबर लावला.

"नुपूर, कामात आहेस का?"

"बोला ना बाबा. काय झालं, पडलात का?"

"नाही गं. मिताली... तू ओळखतेस ना तिला?"

"कोण मिताली?"

त्यांनी उलटंसुलटं सगळं सांगून टाकलं. "बाबा, नेत्रा आली की कडी लावा. खाली सोडू नका. टॅबलेटमधलं काही पुसू नका. निघालेच मी."

नेत्रा सव्वातीनला आली. खाऊन, कपडे बदलून पावणेचारला दाराशी गेली. "आजोबा, कडी का लावलीय?"

"आज खाली जायचं नाही, बाळा."

"नान दे? का पण? तुम्हाला माहितीये ना! तुम्हीच लिहिलंत!"

"हो. मीच लिहिलं."

"मग? सेम आईसारखे बोर झालात तुम्ही."

"मितालीचा आवाज ऐकलायस कधी?"

"तिचा माइक खराब आहे."

"आणि चेहरा?"

"कॅमेरापण..." नेत्राचा आवाज बारीक झाला.

चार वाजून पाच मिनिटांनी इंटरकॉम वाजला. भिंतीवरचा छोटा पडदा उजळला. इमारतीच्या दाराशी चाळिशीचा एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, तोंडावर मास्क, हातात कागदी पिशवी. त्याच्या शेजारी कुणीच नव्हतं.

नेत्रा टाचा उंचावून बघत होती. "मिताली कुठाय?"

मोरेश्वरांनी तिला जवळ ओढलं. पुन्हा बेल वाजली. माणूस सरळ कॅमेऱ्यात पाहत होता. घाई नव्हती त्याला. तिसऱ्यांदा त्याने बटण बराच वेळ दाबून धरलं, आतल्या माणसाला कमी ऐकू येतं हे ठाऊक असल्यासारखं. मग पडदा काळा झाला.

वीस मिनिटांनी नुपूर पोलिसाला घेऊनच आली. इंटरकॉमने फोटो जपून ठेवला होता. पोलिसाने तो घेतला, वहीच्या पानांचेही फोटो काढले. टॅबलेटवर मिताली नावाचं कुणी उरलंच नव्हतं. तो माणूसही सापडला नाही. प्रथमेशने त्याच संध्याकाळी दुसरं घर बघायला सुरुवात केली. नुपूर सासऱ्यांशी एवढंच बोलली, "बाबा, जेवून घ्या." ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी त्यांनी यादी पुन्हा काढली. 'उदाहरणार्थ'च्या पुढे 'एका मुलीच्या बाबतीत' असं लिहिलं, आणि खोडलं. मग न थांबता लिहीत गेले: नातीचं नाव, वही, सातवा मजला, आणि ही सगळी उत्तरं शुद्ध करून देणारा मी. उरलेले शब्द दुपारपर्यंत झाले. कागद त्यांनी सुनेपुढे ठेवला.

नुपूरने उभ्याउभ्या वाचलं. बराच वेळ वाचलं. "तिचं नाव आणि मजला काढा," ती म्हणाली. "तुमचं नाव राहू द्या."

त्यांनी ते पान पुन्हा लिहिलं. टपालपेटी स्टेशनच्या वाटेवर होती. नुपूर आणि नेत्रा बरोबर निघाल्या. नेत्राने छत्री घेतली नाही. रस्त्यावर पांढरे शर्ट बरेच होते, मास्कही बरेच, आणि मोरेश्वर प्रत्येकाकडे पाहत होते. पेटीशी त्यांनी पाकिटावरचा वैभवीचा पत्ता एकदा, मग पुन्हा एकदा तपासला. मग पाकीट आत सोडलं.