नदीपल्याडचे हात

कादवेच्या दोन्ही काठांना द्राक्षबागा होत्या, आणि माघ लागला की दोन्ही काठांच्या बाया एक व्हायच्या. आज अल्याड तोडणी, तर पल्याडच्या बाया ओचे खोचून पाण्यातून यायच्या. उद्या पल्याड, तर अल्याडच्या जायच्या. मजुरी कुणी कुणाला देत नसे. ही त्यांची सावड. माल विलायतेला जायला लागल्यावर नऊ गावांचा द्राक्ष संघ झाला, तो या सावडीच्या अंगावरच वेलासारखा चढला. थंडी असेतोवर घड देठाला धरून कापायचा, मण्यावरची पांढुरकी झाक पुसू द्यायची नाही, उन्हं चढायच्या आत कॅरेट भरून टेम्पोत. हात चालायचे तशा ओव्या चालायच्या.

पहाटेच्या पारी, दव साचे पानोपानी
लेक माझी दूर नाही, मधे नदीचं गं पाणी

ही ओवी सरूबाईची. तिची मनीषा गेल्या वैशाखात पल्याड दिली होती, संघाचे चेअरमन चिमाजी यांच्या घरात, धाकट्या मुलाला.

आणि आता अल्याडचं गाव म्हणत होतं, संघातून फुटायचं.

मारुतीच्या पारावर सभा बसली तेव्हा दिवस कलला होता. बाया देवळाच्या भिंतीला टेकून उभ्या. फुटायचं म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढं होता सरूबाईचा नवरा, कोंडाजी.

"नऊ गावांना एकच भाव!" तो म्हणाला. "आपल्या बागेत साखर उतरती तशी त्यांच्यात उतरती का? आपला गोड माल त्यांच्या आंबटात मिसळायचा आन पैसं सारखं वाटून घ्यायचं. मुंबईचा व्यापारी बांधावर येऊन जास्त भाव देतो म्हणतोय. वरून संघ कापतो तशी पैशातनं कटती नाय."

"आज देतो म्हणतोय, काका." हा ज्ञानेश, कोंडाजीचा पुतण्या, शेतकी शिकून आलेला. "पुढल्या साली त्याला ठाऊक असंल की आपल्याला मागं जायला वाट नाय. मग तो म्हणंल तोच भाव. अहो, तिकडं युरोपात बारा देशांनी यंदा जानेवारीत आपापली नाणी मोडून एक नाणं केलं. आन आपण एका नदीवरून भांडतोय."

"त्यांना म्हणावं पल्याडची द्राक्षं खाऊन बघा. दुसऱ्या दिवशी नाणी परत वेगळी करतील!" कोंडाजी म्हणाला.

पार हसला. ज्ञानेशही हसला, पण खाली बसला नाही.

"आन कॅनॉलचं पाणी? नऊ गावं मिळून कचेरीत गेली की साहेब खुर्चीवरून उठतो. एकटं गाव गेलं तर शिपाई म्हणंल, बसा तिकडं बाकावर."

"शिपाई बसा तरी म्हणंल. तुझा चेअरमन तर उभाच ठेवतो!"

"चेअरमन तुझाच व्याही हाय की, कोंडाजी," मागून कुणीतरी टोचलं.

"व्याही घरात. बाजारात कोण कुणाचा?"

पारावर भाव निघाला, पाणी निघालं, पुढली निवडणूक निघाली. मनीषाचं नाव कुणी काढलं नाही. आणि उद्या कात्री कोण धरणार, हेही कुणाच्या तोंडून आलं नाही, सरूबाईच्यासुद्धा. पल्याडच्या बायांचे हात वाऱ्यासारखे होते. वारा येणारच, असं धरून सगळे बसलेले.

हात वर झाले. ज्ञानेश आणि चार-दोन माणसं सोडली, तर सगळा पार हातांनी भरून गेला.

दुसऱ्या दिवशी संघाचा टेम्पोवाला रहेमान रिकामी कॅरेट परत न्यायला आला. एरवी चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही. आज त्यानं इंजिनही बंद केलं नाही.

"सरूमावशी, माल तयार दिसतोय. तोडणार कोण?"

"कोण म्हंजे?"

"चेअरमननी सांगितलंय, पल्याडची एक बाई नदीत पाय घालणार नाय. ज्यांनी संघ सोडला त्यांनी सावडबी सोडली."

सरूबाईच्या हातातलं कॅरेट तसंच राहिलं. "आन मनीषा?"

रहेमान रिकामी कॅरेट टेम्पोत रचू लागला. "तिला सगळ्यांसमोर म्हनले, तिकडं गेलीस तर तिकडंच ऱ्हा. रागात बोलतो मावशी माणूस."

"चिमाजी पाटलांचा शब्द मागं फिरत नाय, रहेमान."

कोंडाजी दिवसभर मोटारसायकलवर मजूर शोधत फिरला. पेठकडची मजुरीची माणसं पिंपळगावच्या बागांत कधीच बांधली गेली होती. गावातल्या बाया आपापल्या बागेला लागल्या, कारण प्रत्येकीचाच माल तयार आणि प्रत्येकीलाच व्यापाऱ्याची गाडी येणार. संध्याकाळी पश्चिमेला ढग धरला. पिकल्या घडावर पाऊस पडला की मणी तडकतो. कोंडाजी ढगाकडे बघायचा, मग बायकोकडे, आणि परत ढगाकडे.

पहाटे धुकं इतकं होतं की समोरची वेल दिसेना. सरूबाई कापत होती, कोंडाजी भरत होता. दोन माणसांना बाग समुद्राएवढी झाली होती. ओवी तिच्या ओठावर आली नाही. कात्रीचाच आवाज, आणि कुठंतरी एक टिटवी.

धुक्यातून बांगड्या वाजल्या.

मनीषा होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, कमरेला कात्री खोचलेली. "आये, बोलू नको काही. उन्हं चढायच्या आत दोन ओळी काढून जाते. घरात उठलं नाय अजून कुणी."

कोंडाजीचा चेहरा उजळला. "आली बघ माझी लेक! एक आली, आता बाकीच्याबी येतील. धर गं पोरी, या वेलीपासून धर."

मनीषानं पहिला घड हातात घेतला. सरूबाईनं तिचं मनगट धरलं.

"कात्री दे."

"आये..."

"दे म्हणते ना."

"अगं, बाग जाईल!" कोंडाजी ओरडला.

"जाऊ द्या. बाग पुढल्या साली धरंल. लेकीचं घर धरंल का पुन्हा?"

सरूबाईनं मनीषाच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिला ओढतच नदीकडे घेऊन गेली. लेकीच्या पदराला चिकटलेलं द्राक्षाचं पान तिनं काढलं, बोटांचा चिकट रस आपल्या लुगड्याला पुसला. मनीषा पाण्यात उतरली. धुकं विरत होतं, आणि पल्याडच्या काठावर घोंगडी पांघरून कुणी उभं होतं.

चिमाजी.

पाण्यावरून आवाज लांब जातो. "कुठं गेलतीस?"

मनीषा मधल्या खडकाशी थांबली. तिचे दोन्ही हात रिकामे, अंगाशी धरलेले. "आयेला बघायला गेलते, मामा. तिला बरं नाय."

चिमाजीनं मान वर केली आणि अल्याड बघितलं.

सरूबाईनं दोन्ही कात्र्या लुगड्याच्या ओच्यात लपवल्या आणि काठावरच्या चिखलात बसली. कपाळ धरलं. आजारी बाई कशी बसते तशी. चिमाजी बघत राहिला. मग वाटेतून एक पाऊल बाजूला झाला. मनीषा खाली मान घालून त्याच्या जवळून वर चढली. तिच्यामागून तोही निघाला. घरी जाऊन काय बोलेल, ते पाण्यावरून ऐकू येणार नव्हतं.

दोघं उसाआड झाली. आता उठायला हरकत नव्हती. मागं कोंडाजी हाका मारत होता, व्यापाऱ्याच्या गाडीचा हॉर्न दूर रस्त्यावर वाजत होता. सरूबाईनं कपाळावरचा हात काढला, उठू गेली, आणि परत तशीच चिखलात बसली. आता पल्याडून बघायला कुणी नव्हतं.