कोरडी पूड

"काका, डब्यातला लगदा कुठे गेला?"

"वाळवला की!" काका ऐटीत म्हणाले. "लवकर येऊन गरम पत्र्यावर पसरला. खडखडीत केलाय बघा."

केमिस्ट मुलगी मटकन स्टुलावर बसली.

रबर मिसळायच्या रोलरवर काकांची तीस वर्षं गेली होती. ओली पूड रबरात गेली की फोड येतात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यात ही पोर त्यांच्या लेकीच्या वयाची. तिची पूड घालून केलेली आजची रबराची पट्टी साध्या रबराहून जास्त ताणाला टिकली नाही तर तिचं काम बंद आणि तिलाही नारळ, असं साहेबांनी बजावलं होतं. म्हणून तर काका न सांगता राबले होते.

"ग्रॅफाइटचे पापुद्रे होते ते, काका. चार महिने खपून सुटे केलेले. ओलेच रबराच्या चिकात मिसळायचे होते. वाळले की एकमेकांना चिकटतात."

"मग पुन्हा पाणी घालू. मी घोटतो ना!"

"आता नाही सुटायचे. चूक माझीच. डब्यावर चिठ्ठी लावायला हवी होती."

दुसरा डबा नव्हता. काकांनी तीच पूड रोलरवर घातली, जीव ओतून मिसळली. पट्टी काळीभोर, गुळगुळीत निघाली आणि काकांना वेडी आशा वाटली. अकरा वाजता साहेबांसमोर यंत्राने ती ताणली. साध्या रबराच्याही आधी ती तुटली.

"म्हणजे नुसतं रबरच बरं होतं," साहेब म्हणाले.

"साहेब, माझ्यामुळे झालं," काका पुढे सरसावले. "पूड मी वाळवली."

साहेब हसले. "अहो, वाळवली म्हणून कधी पूड बिघडते का? लेकरासारखं पाठीशी घालू नका तिला."

"खरंच सांगतोय, साहेब! विचारा हिला."

साहेबांनी विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. काकांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं, हे तिला ठाऊक होतं. काकांना मात्र ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि ऐकणारं कोणी नव्हतं.

दुपारी साहेबांचा अहवाल आला. 'मिश्रण अनुभवी हातांनी निर्दोष केले. दोष पुडीचा.' खाली काकांच्या सहीची जागा.

"मी नाही करणार," काका म्हणाले.

तिने पेनाचं टोपण काढलं, पेन त्यांच्या बोटांत दिलं आणि कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला.