ते अवधाण नव्हतं

मी शालूबाईंच्या डाव्या काखेतली गाठ बोलतेय. दचकू नका, आम्ही सगळ्यांनाच असतो. डॉक्टर आम्हाला लसिका ग्रंथी म्हणतात. हातातून, छातीतून झिरपत येणारं पाणी गाळायचं आणि त्यातला रोग अडवायचा, हे आमचं काम. छातीकडून येताना पहिला नाका माझा.

शालूबाई लोणी काळभोरच्या, घरची गुलाबाची शेती. बोटात काटा मोडला की मी सुजायचे, ठणकायचे. ‘अवधाण आलं’ म्हणत त्या काख शेकायच्या आणि चार दिवसांत मी पूर्ववत. याचा मला भारी तोरा होता.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या स्तनात तीन गाठी धरल्या. एक सुपारीएवढी, दोन वाटाण्याएवढ्या. तिघींतून सुटलेल्या पेशी त्या पाण्याबरोबर माझ्याकडे येऊ लागल्या. काट्याची घाण परकी, लगेच ओळखू येते. या तर शालूबाईंच्या अंगच्याच पेशी. मी फसले! त्या माझ्या कडेला टेकल्या, मग आत पसरल्या. मी खड्यासारखी कडक झाले, पण ठणकले मात्र नाही.

“काटा लागला आसंल. अवधाण हाय,” म्हणत नवऱ्यानं, संभाजीरावांनी, काखेला बिबवा लावला. कातडी भाजली. असे चार महिने गेले.

एकदा त्या भाजल्या जागी मलम लावताना सून ऋतुजाचं बोट माझ्यावर थांबलं.

“आत्या, आतली गाठ दुखते का?”

“न्हाई गं, अजिबात न्हाई.”

“अवधाण दुखतं, आत्या. हे अवधाण नाही.”

दुसऱ्याच दिवशी पुण्यात दवाखाना. सुई स्तनातल्या गाठींत गेली, माझ्यातही गेली. आठवडाभर घरात कुणी नीट जेवलं नाही.

“कॅन्सर आहे, आणि काखेपर्यंत आलाय,” डॉक्टर नीरजा म्हणाल्या. “स्कॅनमध्ये फुप्फुसं, यकृत, हाडं स्वच्छ दिसताहेत. आपण वेळेवर आलात असं मी म्हणणार नाही. पण उपचार आहेत.”

बाहेर बाकावर संभाजीराव ढसाढसा रडले. “म्याच बिबवा लावत बसलो.”

शालूबाई त्यांच्याजवळ सरकल्या. “अहो, रडू नगा. छातीतली गाठ मला दिवाळीतच लागली व्हती. लाज वाटली, बोलले न्हाई.”

उद्यापासून केमोथेरपी, मग ऑपरेशन. मला काढतील, खुशाल काढोत. माझ्या वरच्या अंगाच्या बहिणींपर्यंत, पुढच्या ग्रंथींपर्यंत, त्यातली एखादी पेशी पोचली का, ते मला कळत नाही, आणि त्याचीच धास्ती आहे.

मला तोंड नव्हतं. बायांनो, तुम्हाला आहे.