मला विचारा

“माझा सल्ला सिझेरियनचाच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पहिलं सिझेरियन झालंय. कळा आल्या की गर्भपिशवीवरचा जुना व्रण फाटू शकतो. सहसा फाटत नाही. पण फाटला, तर तुम्ही आणि बाळ दोघंही संकटात.”

“तरी मला कळा देऊन बघायच्यात.”

शेजारी नवरा चुळबुळला. तो गाड्या दुरुस्त करतो. “अगं, एकदा खोललेलं इंजिन दुसऱ्यांदा सोपं जातं.”

“मग तू झोप टेबलावर.”

पहिल्या वेळी मला कुणी विचारलंच नव्हतं. बाहेर त्याच्याशी बोलणं झालं, आत मला गुंगी दिली. शुद्धीवर आले तोवर लेक आजी, आत्या, मावशी सगळ्यांच्या मांडीवर फिरून झोपलीही होती. पोर सुखरूप आहे ना, मग झालं तर, असं सगळे म्हणाले. खरंच होतं ते. तरी बरेच दिवस लेकीला जवळ घेताना वाटायचं, ही मला कुणीतरी आणून दिलीय.

“बाळाला धोका दिसला तर हट्ट करणार नाही,” मी म्हटलं. “पण तेव्हाही मला विचारा. ह्याला नाही.”

“मला हे पटलेलं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. कळा सुरू झाल्या की लगेच यायचं. बाळाचे ठोके मोजायला पोटावर पट्टा लावू, तो काढायचा नाही. थिएटर तयार ठेवते.”

“डॉक्टरांपेक्षा हिलाच जास्त कळतं!” सासूबाई घरभर म्हणत फिरल्या. म्हणता म्हणता माझी बॅग त्यांनीच भरली.

कळा भर दुपारी सुरू झाल्या. पट्ट्यातून बाळाचे ठोके घोड्याच्या टापांसारखे ऐकू येत होते. पाठ चोळता चोळता नर्सताई म्हणाल्या, “ओरडा की बिनधास्त! इथे कुठे शेजारीपाजारी आहेत?”

डॉक्टर येऊन जात. “अजूनही सांगते, करून टाकू.”

“बाळ कसंय?”

“ठीक आहे.”

“मग नाही.”

संध्याकाळी ठोके मंदावले. कळ ओसरली तरी वर येईनात.

“करा हो डॉक्टर, लवकर करा!” नवरा ओरडला.

डॉक्टर त्याच्याकडे वळल्याच नाहीत. माझ्या तोंडाजवळ वाकल्या. “बाळ थकतंय. आता थांबू नये असं मला वाटतं. करू?”

मला रडू फुटलं. इतकं सोसून ऐन वेळी हे. पण मन जराही डगमगलं नाही.

“करा. फक्त मला जागं ठेवा.”

“कमरेखालीच भूल देऊ.”

पडद्यापलीकडून आधी रडणं आलं, मग तो आला. ओला, लालबुंद, भयंकर चिडलेला. नर्सताईंनी त्याचा गाल माझ्या गालाला लावला तेव्हा त्याला घरातल्या दुसऱ्या कुणी घेतलंही नव्हतं.

खोलीत आणल्यावर सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “एवढं ताणलंस आणि शेवटी पोट फाडलंच ना त्यांनी?”

“फाडलं नाही, आई. मी फाडू दिलं.”

त्यांनी बाळाला माझ्या कुशीत ठेवलं. मग उशी नीट करत म्हणाल्या, “बरं बाई. मान उचल जरा. भुकेजलंय ते.”